कांद्यावरचं विमान

कांदा काढायला आला की आमच्या घरात कुणी सरळ चालत नाही. सगळे वर बघत चालतात. हे गोठ्यात जातात ते वर बघत, डेअरीत दूध घालायला जातात ते वर बघत, आणि मी धुणं वाळत घालताना दोरीकडं कमी, आभाळाकडं जास्त बघते. परवा अशीच वर बघता बघता शेणाच्या पाटीत पाय घातला. हे हसले. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय, पाय माझा भरलाय.

चैत्र सरत आलाय. न्हावऱ्याच्या शिवारात सगळीकडं तो वास सुटलाय. ओल्या पातीचा, तापलेल्या मातीचा, नुकत्या उपटलेल्या कांद्याचा. नाकातून आत जातो आणि डोळ्यांतून बाहेर येतो. वाफ्यात बायका ओळीनं वाकल्यात. उपटलेला कांदा ओळीत मांडायचा आणि पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर पसरायची, म्हणजे उन्हानं तो पोळत नाही, ही आमच्याकडची रीत. चार-सहा दिवस कांदा असा पातीच्या सावलीत सुकतो. मग पात कापायची, ढीग घालायचा, आणि मग साठवणीच्या हवेशीर चाळीत भरायचा. या सगळ्यात तयार झालेला माल उघड्यावर पडून असतो आणि वरच्याचा भरवसा नसतो. अवकाळीची एक सर आली की वर्षाची मेहनत सडली म्हणून समजा.

पूर्वी मला एकाच आभाळाची काळजी असायची, आमच्या शेतावरच्या. आता दोन आभाळांची आहे. दुसरं आभाळ आज कुठलं, ते रोज सकाळी फोनवर विचारावं लागतं.

आमची प्राजू विमान चालवते. असं म्हटलं की ऐकणारा आधी भुवया उंचावतो, मग कंपनीचं नाव विचारतो आणि नाव सांगितलं की भुवया खाली येतात. कारण ती कंपनी कुणी ऐकलेली नसते. तिची विमानं पंख्याची, लहान, ज्या गावांना विमानतळ आहे हे त्या गावांनाही नीट माहीत नाही अशा गावांना जाणारी. मी हायस्कूलला मराठी शिकवते, हे शेती बघतात. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणी विमानात बसलेलं नव्हतं, चालवायचं तर सोडाच. तरी त्या भुवया खाली आल्या की मला राग येतो. आणि रागाच्या खाली भीती असते, हे मला माहीत आहे. हा कांद्याचा वास आला की ती वर येते, कारण त्या वर्षी जे ठरलं ते याच वासात ठरलं.

त्या वर्षी प्राजू घरी होती. लायसन मिळून बरेच महिने झाले होते. बारामतीच्या बाजूला राहून ती शिकली. त्यासाठी आम्ही रस्त्याकडेचा तुकडा विकला. ह्यांना त्याचं वाईट वाटलं नाही असं ते म्हणतात. त्या रस्त्यानं जाताना मात्र अजून दुसऱ्या बाजूला बघतात. लायसन आलं तेव्हा गावानं सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. ज्या लोकांनी "पोरीच्या जातीला कशाला हा उद्योग" म्हटलं होतं, त्यांचीच भाषणं जास्त लांबली. आणि आमच्या गेटवर चढला तो फ्लेक्स.

काय सांगू त्या फ्लेक्सचं! हमीदभाईंनी छापला होता. हमीदभाई न्हावऱ्याचेच, ह्यांच्याबरोबर एका बाकावर बसलेले. आता शिरूरला त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गेटच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत लांब फ्लेक्स. एका बाजूला प्राजूचा पांढऱ्या शर्टातला फोटो, वर 'न्हावऱ्याची आकाशकन्या', खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला मोबाईल लावलेला. आमच्या बैलांचे फोटो तेवढे राहिले होते. आणि मधोमध एक अजस्र विमान. चार इंजिनांचं, दुमजली, अख्खं न्हावरं आत बसेल आणि वर पाहुण्यांना जागा उरेल असं.

मी म्हटलं, "हमीदभाई, अहो ही ज्यावर शिकली ते विमान आपल्या जीपएवढं होतं."

"वहिनी, ते टाकलं तर गावाला लांबून दिसंल का? आन् आज ना उद्या हेच चालवणार हाय की पोरगी."

प्राजू त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत. कारण नोकरी नव्हती. मोठ्या कंपन्या भरतीच काढत नव्हत्या, आणि काढली की म्हणायच्या, तास किती उडालात? आधी तास आणा. विमान चालवल्याशिवाय तास मिळत नाहीत आणि तासांशिवाय विमान मिळत नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणे! लग्नकार्यात, डेअरीत, एसटी स्टँडवर जो भेटेल तो विचारायचा, "काय, कवा उडणार?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण ऐकणारीला घाव बसायचा तो बसायचाच. पुढं पुढं ती शिरूरला जायचंच टाळायला लागली.

दुपारी जेवणं झाली की ती ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. एक हात पुढं धरलेला, दुसरा मांडीजवळ, पाय हळूहळू दाबत असलेले, आणि तोंडानं इंग्रजीत पुटपुट. मधेच मान वळवून मिटल्या डोळ्यांनीच डावीकडं बघायची. कांदे काढायला येणाऱ्या बायकांची म्होरकी सखूबाई. तिनं एकदा हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, रागावू नगा, पर पोरीला कुनाला तरी दाखवा. काय लागिर-बिगिर आसंल."

"अगं, विमान चालवतीय ती," मी म्हटलं.

"खुर्चीवं?"

"खुर्चीवर."

हसायला आलं तेव्हा. पण आत स्वयंपाकघरात गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. माझी एवढी शिकलेली लेक प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उतरण्याचा सराव करत होती, हात विसरू नये म्हणून. तिला विचारलं तर म्हणायची, "हाताला गंज चढतो आई. मेडिकल दर वर्षी, परीक्षा दर वर्षी. नुसतं लायसन भिंतीवर लावून काही होत नाही." मी पोरांना कविता शिकवते. त्या पाठ केलेल्या मरेपर्यंत राहतात. हे असलं शिक्षण मला नवीन होतं, न वापरलं की उतरून जाणारं.

आणि ऐन काढणीत त्या कंपनीचा मेल आला. निवड झाली आहे, सोमवारपर्यंत कळवा.

घरात आनंद व्हायला हवा होता. झाला पण, चहा उकळेपर्यंत. मग तिनं अटी वाचून दाखवल्या. पगार असा की शेजारचा पोरगा एमआयडीसीत मशिनवर उभा राहून त्याहून जास्त घरी आणतो. बाँड असा की काही वर्षं कंपनी सोडायची नाही. राहायचं पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि विमान पंख्याचं, एकोणीस माणसांचं.

"एकोणीस?" हे म्हणाले. "मंग त्यो समोरचा फ्लेक्स काय उगाच लावलाय का?"

"तो तुम्ही लावलाय, नाना. मी नाही." बापाला गावासारखंच नाना म्हणते ती.

"ती कंपनी कुनी ऐकलीया तरी का? हे बघ, आपुन मार्केटात माल न्हेला की पयल्या बोलीला देत न्हाई. थांबायचं असतंय. ज्याला दम धरता येतो त्याला भाव घावतो. हितं दम धरून चाळीत माल ठिवला म्हनून तुझं शिक्षान झालं."

"चाळीतला कांदा दिवाळीपर्यंत टिकतो नाना. माझा हात नाही टिकत."

बोलणं अंगावर आलं की हे गोठ्यात जातात. गेले.

मग तिच्याबरोबर शिकलेल्या एका मुलाचा फोन. तो म्हणे, "घेऊ नकोस. एकदा पंख्याच्या विमानावर बसलीस की तिथलाच शिक्का बसतो. आणि असल्या कंपन्या आज आहेत, उद्या दाराला कुलूप. बाँडमध्ये अडकशील आणि मोठी भरती निघाली की बघत बसशील." फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला होता. संध्याकाळी दुसऱ्या मैत्रिणीचा फोन. ती म्हणे, "वेडी आहेस का, मला आलं असतं तर मी चालत गेले असते." रात्री ताटं वाढली आणि पुन्हा तोच विषय निघाला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, ही म्हण मी वर्गात कितीदा शिकवली असेल. घरात ती अशी पंगतीला येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. मला आडपडदा ठेवता येत नाही. "पगार मरू दे, बाँड मरू दे," मी म्हटलं, "मला त्या लहान विमानाची भीती वाटते."

"आई, त्याला दोन इंजिनं असतात. शेजारी कॅप्टन असतो. मी एकटी नसते."

"आणि आभाळ?"

"आभाळ सगळ्यांना एकच असतं गं. मोठ्या विमानाला पण आणि लहान विमानाला पण."

"तेच म्हणतेय मी."

ती हसली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "तिथं पगार मिळत नाही असं समज. तिथं तास मिळतात. दिवसाला पाच-सहा वेळा चढायचं, पाच-सहा वेळा उतरायचं. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर महिन्यात होत नाही एवढं. पण नाना म्हणतात तेही खोटं नाही. कंपनी बुडाली तर मी कुठली? मला काही कळत नाहीये, आई." आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. विमान उतरवणारा हात. मी तो घट्ट धरला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ती बायकांबरोबर वाफ्यात बसली, विळा घेऊन पात कापायला. पात कापतानाही गंमत असते. मानेला थोडं देठ ठेवायचं. फार खालून कापलं की कांदा तिथूनच सडायला लागतो. प्राजूचा हात पहिल्यापासून नेमका. बायकांना सगळी बातमी लागलेलीच होती. सखूबाईनं विषय काढलाच.

"बये, किती मानसं बसत्यात म्हनं त्या इमानात?"

"एकोणीस."

सखूबाईनं विळा थांबवला. "म्हंजी वडापच की गं ते! आमच्या न्हावरं-शिरूर जीपमदी तर वीस बसत्यात, दोन मागं लोंबकाळत्यात ती येगळीच."

सगळा वाफा हसला. "इमानाला बी मागं लोंबकाळाया दांडा हाय का?" कुणी तरी विचारलं. "आन् भरल्याबिगर सुटत न्हाई का?" प्राजूही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कांद्यात बसलं की एक बरं असतं, पाणी कशाचं ते कुणी विचारत नाही. पण मी आई आहे, मला कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "पण मावशी, वडाप नसतं तर तुम्ही शिरूरला कशानं गेला असता?"

"चालत," सखूबाई म्हणाली, आणि पुन्हा कापायला लागली. "न्हाईतर गेलो नसतो."

रविवार उजाडला तो कोंदट. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि आमचं काहीच ठरलं नव्हतं. हे सकाळपासून प्राजूशी कामापुरतं बोलत होते. कापलेल्या कांद्याचा मोठा ढीग बांधाकडेला लिंबाखाली पडला होता, चाळीत भरायचा राहिलेला. दुपार कलली तशी हवा पडली. पान हलेना. म्हशी दावणीला ओढ घ्यायला लागल्या. आणि दौंडच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलं.

प्राजू बांधावर उभी राहून बघत होती. मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ढग असा की खालून काळाभोर आणि वरून पांढरा, पसरट.

"वरनं ऐरणीसारखा पसरलाय बघ," ती म्हणाली. "हा वाईट. याच्या वाटेला कुणी जात नाही. आतनं वर-खाली असा वारा असतो, विमान हातात राहत नाही." मग वळून ओरडली, "नाना, येतोय हा. इकडंच येतोय. झाका!"

ताडपत्री आणायला हे पळाले आणि मधेच थांबले. ताडपत्री आदल्या दिवशी भावकीत गेली होती. भावकीत गेलेली वस्तू वेळेला परत आली असं आमच्या गावात कुणाच्या ऐकिवात नाही. पोती टाकली, जुनी लुगडी टाकली, पातीचे भारे टाकले, अर्धा ढीग तसाच उघडा. वारा सुटला. आधी थंडगार, मग धुळीचा. मी सोमवार विसरले, सगळं विसरले. नुसतं तोंडानं देवाचं नाव घेत पोती ओढत होते.

प्राजू कुठं गेली म्हणून वळून बघते तर ती गेटवर चढलेली. हातात विळा. एका खांबाची सुतळी कापली, दुसऱ्या खांबाची कापली, आणि तो अख्खा फ्लेक्स धाडकन खाली आला.

"ए, त्यो न्हाई! त्यो न्हाई!" हे ओरडले. मोठ्या कंपनीत लागल्याशिवाय फ्लेक्स उतरवायचा नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलेलं होतं.

"नाना, कांदा भिजतोय!" ती तेवढ्याच जोरानं ओरडली, आणि फ्लेक्सचं एक टोक धरून पळत सुटली. तिच्यामागं तो फडफडत येत होता, तिचा स्वतःचा हसरा चेहरा मातीतून फरफटत.

आम्ही तो ढिगावर टाकला. मापानं शिवून घेतल्यासारखा बसला. पण दगड गोळा करायला वेळ कुठं होता? वारा खाली शिरला आणि फ्लेक्स फुगून उठला. "बसा! कोपऱ्यावं बसा!" चाळ भरायला एकटीच आलेली सखूबाई ओरडली आणि पहिल्यांदा तीच बसली. दुसऱ्या कोपऱ्यावर मी, तिसऱ्यावर प्राजू, चौथ्यावर हे. तोवर टपोरे थेंब आले, मागोमाग गारा. फ्लेक्सवर पाऊस पडायला लागला की काय आवाज होतो! ताशाच जणू. कानात दुसरं काही शिरत नव्हतं. ह्यांचा कोपरा म्हणजे बरोब्बर विमानाचा पंख. त्या पंखावर हे मांडी घालून, दोन्ही हातांनी कडा धरून बसलेले, डोक्यावर पोतं. वारा आला की पंख त्यांच्यासकट हलायचा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पावसाचा जोर थोडा उतरला तसं हे ओरडून म्हणाले, "ह्ये एवढं मोठं इमान. आन् चौघं त्याच्यावं बसलोय. का, तर त्यानं उडू न्हाई म्हनून."

कुणी हसलं नाही. सखूबाईसुद्धा नाही. प्राजू आपल्या कोपऱ्यावरून बापाकडं बघत राहिली. केस चेहऱ्याला चिकटलेले, ओठ निळे पडलेले.

"प्राजू," हे म्हणाले, "त्या वडापवाल्यांना कळीव. येती म्हनावं."

"नाना, नंतर बोलू."

"नंतर न्हाई. माझं मन पुन्ना फिरंल. आत्ता कळीव."

तिनं खिशातनं मोबाईल काढला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. ओल्या बोटांनी स्क्रीन चालेना. पदराला पुसावं तर माझा पदर चिंब. शेवटी हात पोत्याखाली घालून सुकलेल्या कांद्याच्या पाल्यावर बोटं पुसली आणि पाठवला. मी बघत होते. आनंद झाला का? झाला. पण ऐरणीसारखा ढग माझ्या डोळ्यांसमोर भीमेवरून पुढं सरकत होता, आणि मी माझ्या लेकीला असल्या ढगांच्या गावाला पाठवायला हो म्हणत होते.

दौंडला तिला गाडीत बसवलं तेव्हा स्टेशनवर मी रडले नाही. माझं माहेर केडगाव, रेल्वेच्या कडेलाच वाढलेय, गाडी सुटताना रडू नये हे मला आईनं शिकवलंय. हे मात्र पार रडले. खिडकीतून तिच्या हातात चटणीचा डबा देताना एवढंच म्हणाले, "सावकाश चालव." एसटीच्या ड्रायव्हरला सांगावं तसं.

त्याला आता काही उन्हाळे झाले. लोक म्हणतात ही पायरी आहे, पहिली पायरी, मग वर जायचं. बरोबर आहे. पण पायरीवर माणूस किती दिवस उभा राहतो आणि उभा राहिल्यावर त्याच्या पायांचं काय होतं, हे पायरी म्हणणारे विचारत नाहीत. मध्यंतरी पगार लांबला. एक विमान सुट्या भागासाठी उभंच राहिलं, ते कितीतरी दिवस. तिकडं कुजबुज असते की कंपनी आवरणार. तिच्या वहीत तास चढतायत, आणि मी इकडं मनातल्या मनात शर्यत बघतेय, तास आधी भरतायत की कंपनी आधी बसतेय. मोठ्या कंपनीला तिनं अर्ज केलाय. बोलावणं अजून नाही. तो फोनवर 'घेऊ नकोस' म्हणणारा मुलगा थांबला होता, त्याला मोठ्या कंपनीत मिळालं. आणि 'चालत गेले असते' म्हणणारी दुसरीकडं कुठं तरी कार्यालयात कामाला लागली. कोण बरोबर होतं, सांगा बघू. मला रोज वेगळं उत्तर येतं.

गावानं मात्र नाव सोडलं नाही. "काय बाई, अजून वडापच का?" मी म्हणते, "हो, अजून वडापच. तुमच्यासारखं पायी नाही." तोंड माझं कधी मागं हटत नाही. रात्री मात्र टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या की मी महाराष्ट्र बघतच नाही. पार टोकाचा तो एक जिल्हा बघते. हे म्हणतात, "आपलं सांगत्यात, ऐक की." मी म्हणते, "आपलं तुम्ही ऐका."

फ्लेक्स अजून आहे. तो परत गेटवर चढला नाही. दर वर्षी काढणीला माळ्यावरून खाली येतो आणि ढिगावर पडतो. रंग उडाले. शुभेच्छुक तर कुणीच ओळखू येत नाही. प्राजूचा चेहरा पुसट झालाय, विमान तेवढं अजून शाबूत. परवा हमीदभाई आले होते, ढिगावर पडलेला फ्लेक्स बघून त्यांनाच लाजल्यासारखं झालं. म्हणाले, "नाना, ह्या बारीला नवा छापू. खरं इमान टाकतो, पंख्याचं. फोटो मागवा पोरीकडनं."

"नगं," हे म्हणाले. "ह्योच लई दाट हाय. पानी आत येत न्हाई."

आज दुपारी पुन्हा तशीच हवा पडलीय. पान हलत नाही. दौंडच्या अंगाला मघापासून काळं दिसतंय, आणि वरून ते पसरायला लागलंय. कसं पसरतंय ते मला आता सांगावं लागत नाही. मी माळ्यावरून फ्लेक्स ओढत आणत होते तेवढ्यात फोन वाजला. प्राजू. या दिवसांत ती रोज दुपारी एकदा फोन करते, पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, आभाळ कसंय?"

मी दौंडकडं बघितलं. वीज लवली. विमान चालवायला निघालेल्या पोरीच्या डोक्यात कांद्याचा ढीग कशाला?

"लख्ख ऊन आहे," मी म्हटलं. "कांदा मस्त सुकतोय. तुझ्याकडं?"

"एकदम क्लिअर. कुठं ढगाचा ठिपका नाही. आता निघतेच आहे."

तिच्या आवाजाच्या मागं पत्र्यावर पाऊस पडत होता. त्या लहानशा विमानतळाला पत्र्याची शेड आहे, ती मला तिनंच फोटोत दाखवली होती. मी पाऊस ओळखायला चुकत नाही. आणि एवढ्यात आमच्याकडंही गडगडलं. मी मोबाईलवर हात धरला, पण ते तिला ऐकू गेलंच असणार.

तिनं काही विचारलं नाही, मीही नाही.

"सावकाश चालव," मी म्हटलं.

"हो. तू पण... जप."

फोन बंद झाला. तिकडचा पाऊस थांबला आणि इकडचा पहिला थेंब माझ्या हातावर पडला. बांधावरून ह्यांनी हाक मारली. मी फ्लेक्स ओढत पळत गेले, तो दोघांनी ढिगावर टाकला, आणि वारा आत शिरायच्या आत मी जाऊन विमानाच्या पंखावर बसले.